बाळाला सात महिने झाले, दात नाही? घाबरू नकोस

ताई, साधारण सहाव्या महिन्यात खालचे पुढचे दोन दात डोकावतात, पण वर्षापर्यंत वाट पाहिली तरी चालते. माझ्या धाकटीचा पहिला दात अकराव्या महिन्यात आला. सासूबाई रोज विचारायच्या, "दात उना का?" जळगावचा मे महिना, कुस्करलेलं केळं भरवत होते, आणि चमचा टक्‌कन वाजला!

आत्ता एवढंच सांभाळ:

- हिरड्यांवर मध चोळू नकोस, वर्षाच्या आत मध नाहीच. स्वच्छ बोट पुरे.
- जास्त ताप, जुलाब 'दाताचे' म्हणून सोडू नकोस, डॉक्टरांना दाखव. मी इथेच चुकले होते.
- दात दिसला की ब्रश, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं बंद.

दुधाचे 20 दात तीन वर्षांपर्यंत येतात, सहाव्या वर्षाच्या सुमारास पडू लागतात. त्याच वेळी सगळ्यात मागे, कुठलाही दात न पडता, एक मोठी दाढ येते. लोक ती दुधाची समजून किडू देतात. ती कायमची असते! हलणारा दात दोऱ्याने ओढू नकोस, मुलालाच जिभेने हलवू दे. पडला की टाक खुशाल छपरावर.