तुलूझमधल्या तीन जुन्या बाटल्या: आत्ता उघडू, की अजून मुरू देऊ?

प्रश्न लांब होता, थोडक्यात पुन्हा मांडतो. तुम्ही फ्रान्समधल्या तुलूझला चौथ्या मजल्यावर राहता. खालच्या मजल्यावरच्या आजी पुढच्या महिन्यात घर आवरून मुलीकडे चालल्या आहेत, आणि त्यांच्या यजमानांनी कधीकाळी घेऊन ठेवलेल्या ‘शातो लेओव्हिल बार्टन 2000’ या रेड वाइनच्या तीन बाटल्या त्यांनी तुमच्या हातात ठेवल्या. आता ही वाइन चांगली असेल का, ठेवायची कुठे, उघडायची कधी, चाखायची कशी, की सरळ विकून टाकायची, असं तुम्ही विचारताय.

मी वाइनच्या धंद्यातला नाही. नोकरीमुळे 11 वर्षं बोर्दोत आहे, दिवसभर कोड लिहितो. जे कळतं त्यातलं निम्मं गल्लीतल्या वाइनवाल्याने शिकवलंय, उरलेलं स्वतःचे पैसे घालवून शिकलोय. तो किस्सा पुढे येईलच.

विकू नका. सुट्या तीन बाटल्या, पावती नाही, मूळ लाकडी पेटी नाही. व्यापारी भाव पाडूनच घेणार. आणि वाइन खरंच प्यायच्या लायकीची आहे. बोर्दोजवळच्या मेदोक या वाइनच्या पट्ट्यातल्या सँ-जुलियें गावची, जिरोंद खाडीच्या डाव्या काठावरची. 1855 च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी बाजारभाव पाहून शातोंची, म्हणजे वाइन करणाऱ्या वाडा-मळ्यांची, प्रतवारी लावली, तिच्यात हिचा दुसरा वर्ग. दुसरा म्हणजे दुय्यम समजू नका. पहिल्या वर्गात तेव्हा चारच नावं होती, 1973 साली मूतों रोथशिल्डला बढती मिळून पाच झाली. बार्टन मूळचं आयरिश घराणं, 1826 पासून हा मळा त्यांच्याकडे आहे. गंमत अशी की लेओव्हिल बार्टनला स्वतःचा वाडाच नाही. वाइन बनते ती त्यांच्याच शेजारच्या लांगोआ नावाच्या शातोमध्ये.

यात कॅबर्ने सोव्हिन्यों या जातीच्या द्राक्षांचा भरणा असतो, त्यामुळे तरुणपणी ही वाइन तोंड आवळून टाकते. त्यात 2000 साली ऑगस्ट-सप्टेंबर कोरडे आणि उबदार गेले, द्राक्षं पूर्ण पिकली. अशी वाइन 25 वर्षांत म्हातारी होत नाही, आत्ता कुठे माणसांत येते. अर्थात नीट ठेवलेली असेल तर.

‘जुनी’ शब्दाला मात्र उगाच भुलू नका. जगातली बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते. ती ठेवली तर सुधारत नाही, नुसती थकते. कैरीचं लोणचं वर्षभर मुरतं. काकडीची कोशिंबीर कितीही झाकून ठेवा, तिचं लोणचं होत नाही. मुरायला मुळात आत काहीतरी लागतं. रेड वाइनमध्ये ते म्हणजे आंबटपणा आणि टॅनिन. टॅनिन म्हणजे साल, बिया आणि थोडंफार ओकच्या पिंपातून आलेला तुरटपणा. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरते ना, तोच. बाटलीत वर्षानुवर्षं हे तुरट रेणू आणि रंगाचे रेणू एकमेकांना धरत जड होतात आणि शेवटी गाळ होऊन खाली बसतात. म्हणून जुनी वाइन फिकट दिसते, घशाला बोचत नाही, आणि बाटलीच्या तळाशी काळपट चिखल सापडतो. तो चिखल पाहून ‘खराब झाली’ म्हणून ओतून देऊ नका. माझ्या एका मित्राने दिली आहे.

आता बाटल्या उजेडात धरून बघा. वाइनची पातळी मानेत किंवा मान संपते तिथपर्यंत असेल तर उत्तम. बोर्दोच्या बाटलीला खांदे असतात. पातळी खांद्याच्या मध्यावर उतरली असेल तर बूच दगा देतंय, हवा आत गेली आहे. मग वरचं धातूचं टोपण चिमटीत धरून फिरवून बघा. सहज फिरलं तर छान. घट्ट चिकटलेलं असेल तर कधीतरी वाइन झिरपून सुकलेली असण्याची शक्यता आहे. तिघींपैकी जिची पातळी सगळ्यात खाली, ती आधी उघडायची.

ठेवण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की सध्या त्या हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटात उभ्या आहेत. आज रात्रीच काढा. तुलूझच्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या इमारतीच्या तळघरात प्रत्येक फ्लॅटची कुलपाची खोली आहे म्हणता, तीच जागा. बाटल्या आडव्या, म्हणजे बूच ओलं राहील आणि आक्रसणार नाही. 12 ते 14 अंश सर्वांत चांगलं. उन्हाळ्यात सावकाश 17-18 पर्यंत गेलं तर आभाळ कोसळत नाही, पण रोजची चढउतार वाईट. तळघराच्या भिंतीतून गरम पाण्याचे पाइप जातात का ते हात लावून बघा. हवेचं तापमान मोजू नका, ते दार उघडलं की बदलतं. रिकाम्या बाटलीत पाणी भरा, कमाल-किमान नोंदवणाऱ्या थर्मामीटरची वायर तिच्यात सोडा आणि आठवडाभर तिथेच ठेवा. वाइनला काय जाणवतंय ते ती बाटली सांगेल. ओलावा असेल तर असू दे. लेबलला बुरशी येईल, वाइनला काही होत नाही. वॉशिंग मशिनजवळ, कॉम्प्रेसरजवळ, खिडकीत मात्र अजिबात नको.

आता तो किस्सा. आई-बाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी मी 1996 ची एक मेदोकची बाटली दोन वर्षं आधीच पुण्याला नेऊन ठेवली. आधीच, कारण नंतर विसरलो असतो. आईने ती ‘कुणाचा धक्का लागायला नको’ म्हणून स्वयंपाकघराच्या माळ्यावर, पितळी पातेल्यांमागे ठेवली. खाली गॅस, वर स्लॅब, मध्ये दोन एप्रिल आणि दोन मे. वाढदिवसाला टोपण काढलं तर बूच दोन मिलिमीटर वर आलेलं, आणि काचेवरून काकवीसारखा एक चिकट ओघळ सुकलेला. उष्णतेने वाइन फुगली, बूच वर ढकललं, थोडी बाहेर गेली. रात्री आकसली तेव्हा त्याच वाटेने हवा आत. तेरा जणांसमोर मी ग्लास भरले. रंग चहासारखा, वास शिजवलेल्या मनुकांचा. बाबांनी एक घोट घेतला, विचार केला आणि म्हणाले, “अरे, हे तर द्राक्षासव! जेवणानंतर दोन चमचे बरं पडेल.” तीन आठवड्यांचं वाणसामान आलं असतं त्या पैशात. म्हणून सांगतो, कितीही उत्साह असला तरी यातली बाटली भारतात नेऊन माळ्यावर ‘जपून’ ठेवू नका. न्यायचीच तर त्याच सुट्टीत प्या.

उघडण्याचं. दोन दिवस आधी बाटली हळूच उभी करा, गाळ तळाला बसू दे. प्यायच्या वेळी 16 ते 18 अंश हवं. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हे वाक्य जुन्या, थंडगार दगडी घरांसाठी होतं. आपल्या 24 अंशांच्या हॉलसाठी नाही. टोपण पूर्ण कापून काढा. बुचाच्या डोक्यावर काळी बुरशी दिसली तर घाबरू नका, ओल्या फडक्याने काचेचा काठ नीट पुसा. 25 वर्षांच्या बुचाला नेहमीचा स्क्रू धोक्याचा, मधोमध भुगा होतो. दोन चपट्या पात्यांची उघडणी मिळते, ती घ्या: लांब पातं आधी, मग आखूड, बूच आणि काच यांच्या फटीत डावीकडे-उजवीकडे झुलवत खाली, आणि मग पिळत वर. पहिल्यांदा हात थरथरतो. घाईत खाली दाबलंत तर बूच आतच जातं. गेलं तरी रडू नका, बारीक जाळीच्या गाळणीतून गाळा. फक्त ती चहाची नको.

मग टेबलावर मोबाइलचा टॉर्च वर तोंड करून ठेवा आणि बाटलीची मान त्याच्यावर धरून डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत, एका संथ धारेत ओता. मध्ये थांबून बाटली सरळ केली की गाळ उठलाच. शेवटाकडे प्रकाशात खांद्यापाशी धुरासारखी एक रेघ पुढे सरकताना दिसेल. ती मानेत शिरायच्या आत हात थांबवा. तळाला अर्धी वाटी राहील, राहू दे. मला सगळ्या प्रकारात हा एक मिनिट सर्वांत आवडतो. पिण्यापेक्षाही, असं कधीकधी वाटतं.

किती आधी ओतायची, यावर इथे लोक भांडतात. माझं मत: या वाइनला अर्धा-पाऊण तास पुरे, आणि ओतल्या ओतल्या एक घोट चाखायचाच. 1960-70 च्या दशकातली बाटली असती तर मी तासभरही ठेवली नसती. इतकी जुनी वाइन कधीकधी वीस मिनिटांत फुलते आणि तुम्ही ताटं घेईपर्यंत मिटलेली असते.

चाखताना पहिला वास कदाचित कोंदट येईल, वर्षभर बंद असलेल्या घराचं दार उघडल्यासारखा. दहा-पंधरा मिनिटं द्या. तो उडून गेला तर बाटलीचाच कोंदटपणा होता. पण भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा, कुबट वास असेल आणि ग्लासमध्ये तो वाढतच गेला, तर बुचातून ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाचं रसायन उतरलंय. प्यायल्याने काही होत नाही, पण चव मेलेली असते. त्याला इलाज नाही, दुसरी बाटली वेगळी निघू शकते. एकाच दिवशी भरलेल्या बाटल्याही प्रत्येक आपल्या बुचाच्या नशिबाने म्हाताऱ्या होतात.

सगळं ठीक असेल तर ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. मध्ये गडद लाल, कडेला विटेसारखी छटा. न हलवता नाक घाला. तरुण बोर्दो वाइनमध्ये ब्लॅककरंट या फळाचा ठसठशीत वास पुढे असतो. इथे तो मागे सरकलेला असेल. पुढे काय येतं हे ज्याने त्याने आपल्या आठवणीतून ओळखायचं. पुस्तकांत देवदार, सिगारची पेटी, चामडं, जंगलातली जमीन असं लिहितात. मला आजोबांचं सागवानी कपाट आठवतं, ज्यात तंबाखूची चंची आणि नव्या कोल्हापुरी चपला एकत्र ठेवलेल्या असायच्या. आणि थोडी अळंबी, श्रावणातल्या ओल्या पाल्यासारखी. घोट घेऊन लगेच गिळू नका. तुरटपणा आहे का ते हिरड्यांवर बघा: असेल, पण सुताडाऐवजी जुन्या, पुष्कळ धुतलेल्या लुगड्यासारखा. मग गिळा आणि चव किती वेळ रेंगाळते ते मनात मोजा. मी विसापर्यंत मोजतो आणि पुढे विसरतो.

बरोबर मसाल्याचं मटण नको, तिखटापुढे हिचं काही चालणार नाही. मीठ-मिरीवर भाजलेलं कोकराचं मांस, नाहीतर लोण्यावर परतलेली अळंबी. शाकाहारी असाल तर कोंते चीजचा तुकडा आणि साधा पाव बास. आणि उरवू नका, दुसऱ्या दिवशी ती नसते.

तीन बाटल्यांचं काय? पहिली याच महिन्यात. ती सांगेल बाकीच्या दोघींना घाई आहे का. ती ताठ आणि तुरट वाटली तर दुसरी चार-पाच वर्षांनी, तिसरी त्याहून पुढे. वाइन तेवढं खेचेल असं मला वाटतं. मऊ पडलेली, नुसती सुक्या अंजिराची लागली तर येत्या दोन हिवाळ्यांत दोन्ही संपवा. मोठ्या प्रसंगाची वाट बघत बसू नका.

याच महिन्यात म्हणतोय त्याचं कारण आजी. बाटल्या कधी घेतल्या, मध्ये घर बदललं का, 2003 साली युरोप होरपळला त्या भयंकर उन्हाळ्यात बाटल्या कुठे होत्या, हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे आणि त्या चालल्या आहेत. त्या सांगतील ते लिहून उरलेल्या दोन बाटल्यांच्या मानेला दोऱ्याने बांधा. त्यांना तुमच्याकडे जिना चढून येणं जमणार नसेल तर डिकँटर आणि ग्लास घेऊन तुम्हीच खाली जा, गाळ तेवढा वर ठेवून.