कंपायलर नवा, लायब्ररी जुनी

प्रश्न : लिनक्सवरचे आमचे डेस्कटॉप सॉफ्टवेअर आम्ही जीसीसी या सी++ कंपायलरच्या ४.८ या आवृत्तीवरून ११ वर आणत आहोत. लिंक करताना, म्हणजे कंपाइल झालेले भाग आणि लायब्रऱ्या जोडताना, 'अनडिफाइन्ड रेफरन्स' हा एरर वारंवार येतो. अहवाल छापणारी लायब्ररी विकत घेतलेली असून तिचा सोर्स कोड आमच्याकडे नाही. कंपायलरला सी++९८ हे जुने मानक वापरायला सांगूनही फरक पडला नाही. काय करावे?

उत्तर : एररमधल्या नावांत 'सीएक्सएक्स११' ही अक्षरे दिसत असतील, तर निदान झालेच म्हणा. सी++११ मानकाने स्ट्रिंगसाठी (मजकूर साठवणाऱ्या प्रकारासाठी) 'कॉपी ऑन राइट'ची, म्हणजे बदल होईपर्यंत एकच प्रत वाटून वापरण्याची, जुनी पद्धत अमान्य केली, म्हणून २०१५ मध्ये आलेल्या जीसीसी ५ ने स्ट्रिंगची अंतर्गत रचना बदलली, लिस्टचीही बदलली. ६४ बिटच्या संगणकावर पूर्वी ८ बाइटची असलेली स्ट्रिंग आता ३२ बाइटची आहे. ही रचना मानकाच्या पर्यायावर नव्हे, तर 'सीएक्सएक्स११ एबीआय' असा शेवट असलेल्या मॅक्रोवर (कंपाइल करताना द्यायच्या सेटिंगवर) ठरते : ० दिल्यास जुनी, १ दिल्यास नवी. तुमचा उपाय चालला नाही तो यामुळेच. तुमचा कोड नव्या रचनेत आणि विकतची लायब्ररी जुन्या रचनेत बिल्ड झालेली असल्याने दोन्हींतली फंक्शनांची नावे जुळत नाहीत.

सगळेच सॉफ्टवेअर ० देऊन बिल्ड करता येते, पण मग नव्या रचनेत बिल्ड केलेल्या बूस्टसारख्या तयार सी++ लायब्रऱ्याही तुम्हालाच पुन्हा बिल्ड कराव्या लागतील. डेबियन या लिनक्स वितरणाने २०१५ मध्ये उलट दिशेने, म्हणजे नव्या रचनेकडे जाताना, हेच केले आणि फरक कळावा म्हणून अनेक पॅकेजांच्या नावांना 'व्ही५' जोडले.

लिंकर तक्रार करतो आहे, हे खरे तर तुमचे नशीब. फंक्शन थेट स्ट्रिंग घेत किंवा परत देत असेल, तरच रचनेतला फरक कंपायलरने बनवलेल्या त्याच्या अंतर्गत नावात उमटतो. समजा, 'बिल' या स्ट्रक्टमध्ये ग्राहकाचे नाव स्ट्रिंग म्हणून आहे आणि फंक्शन त्या बिलाचा केवळ रेफरन्स घेते. इथे दोन्ही बाजूंना फंक्शनचे नाव तेच राहते, लिंक निमूटपणे होते आणि प्रोग्रॅम ग्राहकाच्या संगणकावर कोसळतो. त्यामुळे एरर गेले म्हणजे काम झाले असे न मानता विकतच्या लायब्ररीच्या हेडर फायली (फंक्शने आणि प्रकार जाहीर करणाऱ्या) स्वतः वाचाव्यात.

विक्रेत्याकडून नव्या रचनेची प्रत मिळत असेल, तर प्रश्नच मिटला. नसेल, तर मध्ये एक पातळ थर लिहा. त्या लायब्ररीच्या हेडर फायली फक्त याच थरात वापराव्यात, तो ० देऊन कंपाइल करावा आणि त्याने बाहेर साधी सी फंक्शनेच द्यावीत, म्हणजे स्ट्रिंगऐवजी कॅरेक्टर पॉइंटर (मजकुराचा मेमरीतला पत्ता) ये-जा करतील. एक्सेप्शन थरातच पकडून एरर कोड परत करावा. थरात घेतलेली मेमरी थरातच सोडावी. स्टँडर्ड लायब्ररीच्या एकाच फायलीत दोन्ही रचना असल्यामुळे त्या एका प्रोसेसमध्ये नांदू शकतात.

राहता राहिले ग्राहकांचे जुने लिनक्स : तिथली स्टँडर्ड लायब्ररी जीसीसी ११ च्या आधीची असल्यास प्रोग्रॅम सुरूच न होण्याची शक्यता आहे, म्हणून तुम्ही ज्या सर्वांत जुन्या आवृत्तीला आधार देता, तिच्यावर चाचणी घ्यावी.