वाचकांचे प्रश्न : जवळ बाळगायला कोणते बोअर, सरावाला कोणते?

प्रश्न : जालन्याच्या मोंढ्यावर माझी आडत आहे. हंगामात रोकड घेऊन रात्री गावी परतावे लागत असल्याने स्वसंरक्षणासाठी केलेला शस्त्र परवान्याचा अर्ज नुकताच मंजूर झाला. एक स्नेही ९ मिमी पिस्तूल घ्या म्हणतात, दुसरे .४५ सुचवतात, तर दुकानदाराने .३२ चे रिव्हॉल्व्हर दाखवले. कोणते बोअर घ्यावे, आणि शेतातल्या विहिरीजवळ त्याचा सराव केलेला चालेल का?

उत्तर : बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचा व्यास; .४५, .३२ हे आकडे इंचात असतात. ९ मिमीचा विचार आपण सोडून द्यावा. आपल्याकडे ते प्रतिबंधित बोअर असून जिल्हादंडाधिकारी कार्यालयातून मिळणाऱ्या सर्वसाधारण परवान्यावर ते घेता येत नाही.

.४५ ची गोळी सुमारे १५ ग्रॅमची असते आणि नळीतून बाहेर पडताना तिची ऊर्जा ४८० ज्यूलच्या आसपास भरते; .३२ पिस्तुलाची गोळी जेमतेम ४.६ ग्रॅमची, आणि तिची ऊर्जा १७५ ज्यूलच्या आसपास. हे आकडे पाहून .४५ कडे ओढा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या शस्त्राचा झटका, वजन आणि काडतुसांचा खर्च यांमुळे नवशिक्या माणसाचा सराव लवकरच थांबतो, आणि सराव नसलेल्या हातातून सुटलेली जड गोळी नेमक्या जागी लागण्याऐवजी वाटेवरच्या तिऱ्हाइताला लागण्याचा धोका मात्र वाढतो. म्हणून माझे स्पष्ट मत .३२ च्या बाजूने आहे. ज्या शस्त्राने आपण नियमितपणे आणि न बिचकता नेम धरू शकाल, तेच आपल्या कामाचे आहे.

तथापि बाजारात ज्याला सरसकट ‘बत्तीस’ म्हणतात, त्यात दोन वेगळी काडतुसे येतात, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. ईशापूरच्या कारखान्याचे अशनी पिस्तूल .३२ एसीपी वापरते, तर कानपूरची रिव्हॉल्व्हरे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. ती एकमेकांऐवजी वापरू नयेत. काडतुसे घेताना नळीवरचा किंवा सांगाड्यावरचा छाप दुकानदाराला दाखवावा. प्रथमच शस्त्र हाताळणाऱ्याला मी रिव्हॉल्व्हर सुचवीन, कारण त्यात काडतूस आहे की नाही हे सिलिंडर उघडताच दिसते, आणि एखादे काडतूस फुटले नाही तर पुन्हा चाप ओढल्यावर पुढचे समोर येते. २०१४ मध्ये आलेले निर्भीक नावाचे .३२ रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमचे असल्याने बाळगायला सोयीचे आहे, मात्र हलक्या शस्त्राचा झटका हाताला अधिक जाणवतो.

सरावासाठी .२२ सारखे बोअर नाही. झटका नगण्य आणि काडतूस स्वस्त असल्याने चाप हळुवार दाबणे, माशीवर (नळीच्या टोकावरच्या नेमखुणेवर) नजर ठेवणे आणि श्वासावर ताबा मिळवणे या गोष्टी त्यावर लवकर अंगी बाणतात. २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल ही स्पर्धा याच बोअरची. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिचे सुवर्णपदक मिळवले. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात, तेव्हा .२२ विकत घेण्यापूर्वी रायफल क्लबमध्ये त्याचा सराव मिळतो का, ते विचारावे. .३२ वरचा सराव मात्र पूर्णपणे थांबवू नये, कारण प्रसंगी हातात तेच असणार आहे. कानांना संरक्षण न लावता कोणत्याही बोअरची गोळी झाडू नये.

शेतातल्या सरावाबाबत उत्तर निःसंदिग्धपणे नाही असेच आहे. .२२ ची गोळीसुद्धा एक किलोमीटरहून अधिक अंतर जाऊ शकते, विहिरीच्या दगडी बांधकामावर आपटून ती कोणत्याही दिशेला वळते, आणि तुरीत किंवा कपाशीत वाकून काम करणारी बाई लांबून दिसतही नाही. इतरांचा जीव धोक्यात येईल अशा बेफिकीर गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. शिवाय बीड जिल्ह्यात २०२५ मध्ये परवान्यांची कसून फेरतपासणी होऊन अनेक परवाने रद्द झाले, हे आपण वाचले असेलच. सराव अधिकृत रेंजवर आणि प्रशिक्षकासमोरच करावा, आणि तिथपर्यंत शस्त्र रिकामे करून, झाकून न्यावे.