एफएमआरआयच्या (मेंदूतल्या रक्तातले बदल टिपणाऱ्या चुंबकीय स्कॅनच्या) चित्रात मेंदूचा जो भाग लाल दिसतो, तिथल्या पेशी त्याच क्षणी काम करत असतात का?

नाही, तसा थेट अर्थ काढू नका. तो लाल रंग म्हणजे संगणकाने काढलेला संख्याशास्त्रीय फरक असतो. एफएमआरआय पेशींचे विद्युत संदेश मोजतच नाही. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित गडबड करतं आणि यंत्राला मिळणारा संकेत कमी होतो. पेशी कामाला लागल्या की तिथे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त येतं, ही गडबड घटते आणि संकेत वाढतो. शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी हा परिणाम १९९० साली दाखवला. रक्त मात्र सावकाश येतं: संकेत शिखरावर पोहोचायला ५-६ सेकंद लागतात, आणि वाढ असते जेमतेम एक-दोन टक्के. शिवाय हे चित्र छोट्या ठोकळ्यांचं बनलेलं असतं आणि ३ मिमीच्या एका ठोकळ्यात लाखो पेशी मावतात.

म्हणूनच एकच कृती, उदाहरणार्थ बोटं हलवणं, २० सेकंद करायची आणि २० सेकंद थांबायचं, असं अनेकदा करून सरासरी तुलना करतात. इथे हमखास फसगत होते. ५०,००० ठोकळे ०.००१ च्या निकषावर (म्हणजे योगायोगाने चूक होण्याची शक्यता हजारात एक) तपासले, तर काहीच घडलं नसताना सुमारे ५० ठोकळे निव्वळ योगायोगाने लाल होतील! २००९ साली एका मेलेल्या सॅमन माशाच्या मेंदूतही अशीच 'हालचाल' दिसली होती. त्यामुळे अनेक तुलनांसाठीची दुरुस्ती (इतके ठोकळे एकदम तपासल्यामुळे निकष अधिक कडक करणं) केली आहे का, हे आधी पाहा. डोकं एखादा मिलिमीटर हललं तरी कडांवर खोटे पट्टे उमटतात.

दुरुस्ती नीट केलेली असली, तरी तो भाग त्या कामात सहभागी आहे एवढंच कळतं; त्याच्यावाचून काम अडतं का, हे त्या भागाला इजा झालेल्या रुग्णांच्या अभ्यासातून कळतं.