जॉफिशच्या टँकमध्ये पिस्टल श्रिम्प सोडू का?

देवगडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: तीन फुटी रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा) आहे, त्यात पिवळ्या डोक्याचा जॉफिश, म्हणजे वाळूत बीळ करून राहणारा छोटा मासा, छान रुळलाय आणि आता टायगर पिस्टल श्रिम्प, म्हणजे नांगीने टकटक करणारी, वाळू खणणारी कोळंबी, आणायचा विचार आहे. गोबी या छोट्या माशासोबत राहतो तसा तो श्रिम्प जॉफिशच्या बिळात राहील का?

नाही राहणार. या टँकमध्ये तरी आणू नका. जरा सविस्तर लिहितो, कारण हा समज बऱ्याच जणांचा असतो आणि त्यात जीव जातो तो माशाचा.

गोबी आणि पिस्टलची जोडी कशावर टिकते ते आधी बघा. श्रिम्पची नजर अधू. तो वाळू ढकलत बाहेर आला की त्याची एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबीला काही संशय आला की तो शेपूट थरथरवतो आणि श्रिम्प त्याच क्षणी आत जातो. खणणं एकाचं, राखण दुसऱ्याची. पण हे जमतं ते ठरावीक गोबी आणि ठरावीक पिस्टल यांचंच. यलो वॉचमन गोबी आणि टायगर पिस्टल ही त्यातली खात्रीची जोडी. मासा बिळात राहतो एवढ्यावर हे नातं जुळत नाही. आपल्या खाडीतली निवटी बघा, तीही गोबींच्याच गोतावळ्यातली, तीही बिळात राहते, पण आपलं बीळ आपणच खणते. शिवाय टायगर पिस्टल हिंद-प्रशांत महासागरातला आणि तुमचा जॉफिश कॅरिबियन समुद्राकडचा. निसर्गात या दोघांची गाठच पडत नाही, मग एकमेकांच्या खाणाखुणा कळणार कुठून?

आणि जॉफिशला खणणारा गडी लागतच नाही, तो स्वतःच पक्का गवंडी आहे. कधी तरी तासभर टँकसमोर बसून बघा. तोंड भरून वाळू उचलतो, जरा लांब नेऊन थुंकतो, येताना शिंपल्याचा एखादा तुकडा घेऊन येतो. तो बिळाच्या कडेला लावतो, मनासारखा बसला नाही तर काढतो, फिरवतो, पुन्हा लावतो. त्याचं बीळ साधारण उभं खाली जातं. पिस्टलचा बोगदा मात्र दगडाच्या कडेकडेने आडवा पसरतो, आणि रोज थोडा थोडा वाढतच राहतो. तीन फुटी टँकच्या वाळूत आज ना उद्या तो आडवा बोगदा या उभ्या बिळाला जाऊन भिडतो. मग भिंत ढासळते, रचलेले तुकडे श्रिम्प ओढून आपल्या दाराशी नेतो आणि जॉफिश दुसरीकडे नव्याने सुरुवात करतो. असं वारंवार झालं की मासा खणणंच सोडतो. वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ उभा राहतो, खाणं कमी होतं, आणि एका रात्री उडी मारतो. जॉफिश टँकबाहेर सापडला की लोक झाकणाला दोष देतात. झाकण हवंच, बारीक जाळीचं आणि पाइपच्या कडेलाही फट न ठेवणारं. पण बिनबिळाचा जॉफिश उडी मारतो, हे आधी लक्षात घ्या.

पिस्टलच्या नांगीची भीती मात्र लोकांना गरजेपेक्षा जास्त वाटते. ती मिटताना पाण्याचा जोरदार झोत निघतो, त्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना ‘टक्’ असा आवाज येतो. आवाज नांगी आपटल्याचा नसून बुडबुडा फुटल्याचा असतो, हे 2000 साली प्रयोगाने दाखवलं गेलं. या आवाजाने काच फुटत नाही. धडधाकट जॉफिशला टायगर पिस्टल मारून टाकेल असंही मला वाटत नाही. छोट्या शोभेच्या कोळंब्या, बारीक खेकडे आणि अगदी लहान मासे यांची मात्र खात्री देता येत नाही.

खरा धोका दगडांचा. तुमचे दगड वाळूवर टेकलेले असतील तर खाली पोकळ झाल्यावर ते कलतात, आणि खाली नेमका श्रिम्प किंवा मासा असतो. दगड तळाच्या काचेवर घट्ट बसवून मग भोवती वाळू भरायची, हा नियम कोणताही खणणारा जीव ठेवताना पाळायचा. वाळूवर ठेवलेली कोरलंही सांभाळा. पिस्टल त्यांच्यावर वाळू टाकतो, आणि छोटा फ्रॅग (कोरलचा तुकडा) असेल तर उचलून बिळाच्या दाराला लावतो. टँक जुना असेल आणि काचेतून वाळूत काळा थर दिसत असेल, तर तो उकरला जाणं आणखी वाईट. कुजक्या अंड्यासारखा वास आला की समजा, तो वायू माशांना विषारी आहे.

आपल्याकडे आणखी एक मोह असतो. ओहोटीला खडपांत दगड हलवले की टकटक ऐकू येते, आणि कुणीतरी तिथलाच श्रिम्प बाटलीत घालून आणतो. तसं करू नका. तो गोबीसोबत राहणाऱ्या जातीचा असेलच असं नाही, आणि काही जाती चांगल्याच शिकारी असतात. मालवणच्या बाजूने लाइव्ह रॉक (जीवजंतू वसलेले समुद्रातले दगड) उचलून आणणं तर सरळ गुन्हा ठरू शकतो. तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

पिस्टलच हवा असेल तर दुसरा छोटा टँक करा आणि वॉचमन गोबीसोबत ठेवा. वाळू चार-पाच इंच, बारीक वाळूत शिंपल्यांचा चुरा आणि खडे मिसळलेले. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते तेव्हा बिळातलं पाणी सगळ्यात आधी साचतं, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवा. आणि बाहेर रिकामी कात दिसली तर श्रिम्प मेला असं समजून बीळ उकरू नका. कात टाकल्यावर तो मऊ असतो, म्हणून आत दडून बसतो.

श्रिम्प आधीच आणून सोडला असेल तर आज दगड हलवून त्याला पकडायला जाऊ नका, त्या गडबडीत जॉफिशचंच बीळ मोडेल. जॉफिशच्या विरुद्ध टोकाला दगडाखाली पीव्हीसीचा एल्बो (पाइपचा वाकडा जोड) पुरा आणि त्याच्या तोंडाशी रोज संध्याकाळी कोळंबीचा तुकडा ठेवा. बहुतेक वेळा श्रिम्प तिथे मुक्काम हलवतो, आणि मग एल्बोसकट त्याला बाहेर काढणं सोपं जातं. तोवर जॉफिश रोज खातो का आणि रात्री बिळाचं तोंड बंद करतो का, एवढं बघत राहा. दोन्ही थांबलं तर वाट न पाहता जॉफिशला वाळू भरलेल्या वेगळ्या डब्यात हलवा, झाकण लावून.