छोटा ट्रॅक्टर: कंपनी निवडण्याआधी

कुबोटा, महिंद्रा की जॉन डिअर, हे नंतर ठरवा. आधी जवळ कोणाचं सर्व्हिस सेंटर आहे आणि फिल्टर, क्लच प्लेट, हायड्रॉलिकचे सील तिथे लगेच मिळतात का, ते विचारून या. ऐन पेरणीत पार्टसाठी ट्रॅक्टर उभा राहिला, तर नावाजलेली कंपनी काय कामाची?

इंजिनाच्या एचपीवर भुलू नका. रोटाव्हेटर पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टच्या, ताकदीवर चालतो आणि ती इंजिनापेक्षा कमीच असते. लिफ्टचंही, म्हणजे अवजार उचलायच्या ताकदीचंही, तसंच: लोअर लिंकच्या (अवजार जोडायच्या खालच्या दांड्यांच्या) टोकाशी मोजलेला आकडा मोठा दिसतो, त्या टोकापासून ६१० मिमी मागे मोजलेला कमी. सगळ्या कंपन्यांचे आकडे एकाच जागी मोजलेले असतील तरच तुलना करा. बागेत चालवायचा असेल तर रुंदीही बघा. ट्रायल मात्र तुमच्याच रानात, तुमचंच अवजार जोडून घ्या.