पुण्याच्या आसपास मुलांना घेऊन जीपीएसवरचा कुठलाही बिंदू शोधत फिरण्यात काही अर्थ आहे का? सुरुवात कशी करावी? मुलं सहा आणि नऊ वर्षांची आहेत, कंटाळतील का?

अर्थ आहे, भरपूर आहे. आमच्या घरी हे काही वर्षं चालू आहे आणि त्यावरून आमच्या नातेवाइकांत खटकेही उडालेत, त्यामुळे प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

आधी पद्धतीचं सांगून टाकते. जगभर ज्याला जिओहॅशिंग म्हणतात तो खेळ रँडल मन्रो या अमेरिकन व्यंगचित्रकाराने २००८ मध्ये सुचवला. तारीख आणि डाऊ जोन्स या अमेरिकन शेअर बाजाराच्या निर्देशांकाचा उघडतानाचा आकडा एकत्र करायचा, तो एमडी-५ नावाच्या गणितातून काढायचा आणि जे दशांश मिळतील ते आपल्या अक्षांश-रेखांशांच्या पूर्णांकांपुढे लावायचे. पुण्याचे पूर्णांक १८ आणि ७३. भारतासाठी आदल्या दिवशीचा आकडा धरतात, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी सात-आठला न्यूयॉर्कचा बाजार उघडला की शनिवार-रविवारचे दोन्ही बिंदू काढता येतात. गणित करून देणारी संकेतस्थळं आहेत.

पण लहान मुलं असतील तर माझं स्पष्ट मत आहे, हे करू नका. १८ ते १९ अक्षांश आणि ७३ ते ७४ रेखांश यांमधला हा चौकोन उत्तर-दक्षिण १११ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम साधारण १०५ किलोमीटर आहे. पनवेल, महाड, रायगड त्यात आत, आणि जेजुरी बाहेर! बिंदू कोकणातल्या एखाद्या कड्याखाली पडला की रविवार घाटात जातो आणि मुलं मागच्या सीटवर उलट्या करतात.

आम्ही चिठ्ठ्या टाकतो. पहिला दशांश आपण ठरवायचा, पुढचे तीन चिठ्ठ्यांवर. १८.४ आणि ७३.७ घेतलं की खडकवासल्याचा भाग, १८.३ आणि ७३.७ घेतलं की सिंहगडाचा, १८.३ आणि ७३.६ घेतलं की पानशेतचा. पहिल्या दशांशाचा चौकोन सुमारे ११ किलोमीटरचा असतो आणि चौथ्या दशांशापर्यंत गेलात की ११ मीटरवर येता. शून्य ते नऊ लिहिलेल्या चिठ्ठ्या डब्यात टाकून मुलांना काढायला लावा. काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची, नाहीतर एकच आकडा दोनदा येऊ शकत नाही. यावर आमची मुलगी फार कडक आहे.

आता पानशेतची गोष्ट, कारण सगळा वाद तिथून सुरू झाला.

दिवाळीच्या सुट्टीत आमचा बिंदू पानशेतच्या जलाशयात पडला. काठावर उभं राहिलो तर फोनवरचा बाण सरळ पाण्याकडे. मुलगा तेव्हा तिसरीत होता, तो हटूनच बसला की आपण पोहोचलो नाही, म्हणजे हे धरायचं नाही. मुलीने आकडे वहीत लिहून घेतले. सासूबाईंनी आणलेला चिवडा खाऊन आम्ही परत आलो.

दोन दिवसांनी भाऊबिजेला सगळे नणंदेकडे जमले होते. मुलाने उत्साहाने सगळं सांगितलं आणि माझे थोरले दीर म्हणाले, "म्हणजे पाणी बघायला एवढं पेट्रोल जाळलंत? अरे, रायगड दाखवा, राजगड दाखवा. बघण्यासारखं काही असेल तिथे न्या की पोरांना." सगळे हसले. पोराचं तोंड एवढंसं झालं. नणंदेच्या घरी, सणाचा दिवस, म्हणून मी काही बोलले नाही. ते आज इथे बोलते.

मे महिन्यात आम्ही तेच आकडे घेऊन परत गेलो. पाणी खूप खाली गेलं होतं. जिथे दिवाळीत लाटा होत्या तिथे तडे गेलेला गाळ आणि त्यातून वर आलेल्या दगडी बांधांच्या ओळी, एकाखाली एक, पायऱ्यांसारख्या. माझे वडील मोजणीदार होते. लहानपणी सुट्टीत त्यांच्याबरोबर जाऊन मी झेंडी धरून उभी राहायचे, ३३ फुटी साखळी ओढताना बघायचे. त्यामुळे लांबूनच कळलं की ही भाताची खाचरं आहेत.

म्हशी चारणारे एक आजोबा होते. मी रामराम घातला, बिंदू कुठे आहे ते दाखवलं. त्यांना फोनमधलं काही बघायचं नव्हतं. ते म्हणाले, "तिकडं सरळ नका जाऊ, वरून वाळलंय पण आत ओलं हाय. बांधावरनं चला." आणि स्वतःच पुढे चालू लागले. चालता चालता सांगत होते, हा आमच्या चुलत्याचा बांध, इथं आंबा होता, तो पलीकडचा तुकडा आमचा. खालचं सगळं धरणात गेलं, वरचं तेवढं राहिलं.

बिंदूपासून पंधरा-वीस पावलांवर एका घराचं जोतं होतं. दगडांच्या चार ओळी आणि मध्ये जमिनीत बसवलेलं उखळ, गाळाने तोंडापर्यंत भरलेलं. मुलीने काटकीने गाळ उकरायला घेतला, मग हाताने. आतून दगड इतका गुळगुळीत होता की ती बराच वेळ नुसतं बोट फिरवत राहिली. सासूबाई जोत्यावर बसल्या आणि कांडण कसं करायचे, दोघी जणी असल्या की मुसळं आळीपाळीने कशी पडायची, हे त्यांनी हाताने करून दाखवलं. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्या लहानपणी भात कांडायच्या हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

पुण्यात पानशेत म्हटलं की १२ जुलै १९६१. धरण फुटलं, पेठांत पाणी शिरलं. जुन्या प्रत्येक घरात त्या पुराची एक आठवण आहे आणि ती सांगितली जाते. माझ्या मुलांनीही ऐकली होती. पण त्या धरणाच्या पाण्याखाली कुणाची तरी खाचरं होती, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. आणि मे महिन्यात ती खाचरं उघडी पडतात, कारण वर्षभर ते पाणी आपल्या नळाला आलेलं असतं. हे मुलीला त्या बांधावर उभं असताना आपलं आपण सुचलं. "आई, म्हणजे हे आपण प्यायलो?" असं तिने विचारलं.

आता भाऊजींना उत्तर. मी किल्ल्यांच्या विरोधात नाही. राजगडावर आम्ही सगळे जाऊन आलोय, परत जाऊ. पण किल्ल्यावर काय बघायचं ते आधीच ठरलेलं असतं. ही बालेकिल्ल्याची वाट, हा दरवाजा, इथे फोटो. मुलं फलक वाचतात आणि पुढे जातात. चिठ्ठीवरच्या बिंदूवर फलक नसतो. तिथे काय आहे हे शोधायला डोळे वापरावे लागतात आणि माणसांशी बोलावं लागतं. "बघण्यासारखं काही नाही" असं आपण ज्या जागांबद्दल म्हणतो तिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या राबलेले असतात. शहरातली मुलं शेताला "मोकळी जागा" म्हणतात. ते ऐकून माझ्या वडिलांना वाईट वाटलं असतं. एकही जागा मोकळी नसते, प्रत्येकीला गट नंबर असतो आणि कुणाचं तरी नाव असतं.

म्हणून आमच्याकडे एक नियम पक्का आहे: उभ्या पिकात पाय टाकायचा नाही. तसंही उघड्या आकाशाखाली फोनचं जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, दरीत आणि दाट झाडीत त्याहून जास्त. बांधावर उभं राहून बिंदू दहा मीटर आत दिसत असेल तर पोहोचलो म्हणायचं. शेतात कुणी असेल तर आधी विचारायचं. आम्हाला आजवर कुणी हाकललं नाही. उलट चहा मिळाला, एकदा काकड्या मिळाल्या.

काही गोष्टी राहिल्या. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत असे, तेव्हा हा खेळ जमलाच नसता. आता चार उपग्रह दिसले की तुमचं काम होतं आणि त्याला मोबाइलची रेंज लागत नाही. नकाशा मात्र घरून उतरवून न्या, धरणांच्या मागच्या बाजूला रेंज जाते. खडकवासल्याच्या चौकोनात एनडीए, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, येतं. बिंदू तिथे किंवा कुठल्याही लष्करी हद्दीत पडला तर सरळ दुसरी चिठ्ठी काढा, कुंपणाजवळही जाऊ नका. जलाशयाच्या गाळात आपल्या मनाने उतरू नका, आम्ही त्या आजोबांच्या मागून चाललो म्हणून गेलो, आणि पाण्यात तर मुळीच नाही. कठडा नसलेल्या विहिरी गवतात दिसत नाहीत. सहा वर्षांच्याचा हात सोडायचा नाही. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत जाणं मला पटत नाही, खाचरांतून वाट नसते आणि लोक कामात असतात. दसऱ्यानंतर सुरू करा.

कंटाळतील का, तर नऊ वर्षांचं नाही कंटाळणार, आकडे त्याच्या हातात द्या. सहा वर्षांचं चालून दमेल, म्हणून गाडीरस्त्यापासून एक किलोमीटरच्या आतला बिंदू येईपर्यंत चिठ्ठ्या काढत राहा. त्यात लबाडी काही नाही.

आणि घरातलं कुणी हसलं तर मुलांसमोर गप्प राहू नका. भाऊजींना मी येण्याचं निमंत्रण दिलेलं आहे, अजून त्यांना सवड झालेली नाही. त्यांची धाकटी मात्र आमच्याबरोबर येते आणि परत गेल्यावर त्यांना सगळं सांगते.